आबांची पाठ

आमच्या गावात पुतळा उभा करायचं ठरलं तेव्हा "कशासाठी" असं कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो "किती फुटी". शेजारच्या गावाच्या चौकातला पुतळा नऊ फुटी आहे, तर आपला दहा फुटी झालाच पाहिजे. कडेगाव तालुक्यातली आमची माणसं ऊस असो नाहीतर पुतळा, आधी उंची बघतात. तो पुतळा माझ्या वडिलांचा, आबांचा असणार होता. आणि मला कळायला लागल्यापासून आबा कमरेत वाकून चालायचे. उंचीची चर्चा ऐकताना मला हसूही यायचं आणि रागही यायचा, त्यातला राग जास्त.

आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत आहे. कोणाच्या भिंतीवर बंदूक घेतलेला फोटो, कोणाच्या भिंतीवर रणगाड्याशेजारचा. आबांच्या वाट्याला ना बंदूक आली ना रणगाडा. ते लष्करी दवाखान्यातले शिपाई. जखमी माणूस उचलायचा, पट्टी बांधायची, मागं आणून पोचवायचा, हे त्यांचं काम. गावातले बाकीचे फौजी पारावर बसले की त्यांची थट्टा करायचे. "ह्यो आमचा आयोडीन बटालियनचा!" आबा स्वतःच मोठ्यानं हसायचे. मला मात्र ते हसू कधी जमलं नाही.

त्यांनी युद्धात काय केलं ते आम्हाला घरात एकाच गोष्टीपुरतं माहीत होतं, आणि तीही ते गंमत म्हणून सांगायचे. सीमेवरचं एक गाव होतं. तोफगोळे पडायला लागले तशी धडधाकट माणसं मिळेल त्या वाटेनं निघून गेली. मागं राहिली म्हातारी, आजारी, एक पाय मोडलेला माणूस, एक दिवस भरलेली बाई. मधे कालवा, आणि कालव्यावरचा पूल उडालेला. स्ट्रेचर न्यायला दुसरा माणूस नाही. मग आबांनी आमच्या गावची रीत वापरली.

आमच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता. पावसाळ्यात आजारी माणसाला पलीकडं न्यायचं तर पाठकुळीला घेऊन न्यायचं. डोक्याचा पटका सोडायचा, त्याची घडी बसणाऱ्याच्या बुडाखालून घ्यायची, एक टोक खांद्यावरून आणि एक काखेतून पुढं ओढून छातीवर गाठ मारायची. म्हणजे आपले हात मोकळे राहतात आणि काठीनं पाण्याचा तळ चाचपता येतो. आबांकडे तिथं पटका नव्हता, लष्करी चादर होती. त्या चादरीत एकेकाला पाठीवर बांधून ते कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडं आणत राहिले. गाव कुठल्या बाजूचं आहे ते त्यांना ठाऊक होतं. ते आमच्या बाजूचं नव्हतं.

गंमत होती ती एका म्हातारीची. तिचं शेरडू मागं राहिलं होतं. पाठीवर बसल्यापासून तिनं आबांना तिच्या भाषेत शिव्या द्यायला आणि दोन्ही मुठींनी पाठीत बडवायला सुरुवात केली. "आख्खा कालवा संपंस्तोवर बडवली मला," आबा सांगायचे. "गोळ्यांचं भ्या नव्हतं वाटत, म्हातारीचं वाटत व्हतं." शेवटी तिला खाली उतरवून ते शेरडू आणायला परत गेले. इथं गोष्ट संपायची आणि आम्ही पोरं हसायचो. शेरडू आणल्यावर ते आणखी किती वेळा गेले, आणि शेवटच्या खेपेला पाठीवर माणूस असताना कालव्याच्या काठावरून पडून त्यांचा मणका कसा सरकला, ते या गोष्टीत नसायचं.

ते घरी आले तेव्हा मी तीन वर्षांची होते. दारात बैलगाडी थांबली, आबा उतरले, ओट्यावर टेकले, आणि मी धावत जाऊन मागून त्यांच्या गळ्यात पडले. माझ्या आयुष्यातली ही पहिली आठवण आहे. खाकी कापडाचा खरखरीत स्पर्श, आणि पाठोपाठ आईची हाक. "उतर! पाठ दुखती त्येंची!"

हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की ते आमच्या घराच्या भिंतीत मुरलं असावं. आबा खाली बसून दाढी करताहेत, मी मागून गेले, "उतर." जत्रेत मला काही दिसत नाही म्हणून मी त्यांचा सदरा ओढला, "पाठ दुखती त्येंची." आबा स्वतः कधी म्हणाले नाहीत. ते नुसते हात मागं करून माझा पाय चाचपायचे आणि तसेच थांबायचे.

एकदा आम्ही औंधला यमाईला गेलो होतो. मी सहा-सात वर्षांची असेन. डोंगराच्या पायऱ्या चढता चढता माझे पाय गळून गेले. आजूबाजूला सगळ्या पोरी बापाच्या खांद्यावर, वरून खाली बघत मजेत चाललेल्या. मी पायरीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. आबा वळले, माझ्यासमोर पाठ करून बसले आणि म्हणाले, "ये." मी चढले. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, अर्धे उठले, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज आला जो मी तोवर कुठल्याच मोठ्या माणसाचा ऐकला नव्हता. आईनं मला खस्सकन खाली ओढलं. मग आम्ही तिघं बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिलो. आबांनी मला खिशातलं खोबरं दिलं. मी ते फेकून दिलं.

मला त्यांचा राग यायचा हे सरळच सांगते. कुणाकुणाच्या परक्या माणसांना पाठीवर घेऊन फिरले आणि स्वतःच्या लेकीची पाळी आली तेव्हा पाठ मोडून बसले, असं मला वाटायचं. मोठी होत गेले तशी त्याला लाजेचीही जोड मिळाली. सांगलीला कॉलेजात असताना आबा वसतिगृहावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आले होते, काटकोनात वाकलेले, मान वर करून पोरींकडे बघत. "कोण गं?" असं मैत्रिणीनं विचारलं. "गावाकडचे आहेत," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट होतं. आबांनी ऐकलं असावं. गाठोडं देऊन ते चहा न घेताच गेले.

पुढं मी सांगलीतच एका शाळेत शिक्षिका झाले आणि तीस वर्षं पोरांना "ताठ बसा" म्हणत राहिले. आबा शेतात दारं धरायचे, म्हणजे उसाच्या सरीत पाणी सोडायचं आणि अडवायचं. वाकूनच करायचं काम ते. "ह्या कामाला माजी पाठ आयतीच हाय," म्हणायचे. बारा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा तिरडीवर त्यांना सरळ करता येईना. चौघं जण धडपडत होते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच." कुशीवर ठेवून नेलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आबांच्याच तुकडीतले एक वयोवृद्ध डॉक्टरसाहेब आमच्या गावाचा पत्ता शोधत आले. सव्वीस जानेवारीचा दिवस होता. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन उरकल्यावर त्यांनी माइक मागून घेतला आणि आमची गमतीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. कालवा, चादर, मोडलेला पाय, दिवस भरलेली बाई, आणि रात्र पडेपर्यंतच्या खेपा. "मी त्याला थांब म्हणून हुकूम दिला होता, त्यानं तो मोडला," असं सांगताना ते रडले. पारावर थट्टा करणारे आता बहुतेक गेलेले होते, उरलेले खाली बघत होते. त्याच दुपारी समिती झाली. अध्यक्ष आमचे सुभेदार काका, आबांहून आठ-दहा वर्षांनी लहान, अजून मिशीला पीळ देणारे.

मूर्तिकार साताऱ्याचा होता. शहराबाहेर पत्र्याची मोठी शेड, आत अर्धेमुर्धे घोडे, हात नसलेले पुढारी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मातीची मुंडकी. या कामात रीत अशी, की आधी पूर्ण पुतळा मातीत करायचा. घरच्यांनी आणि समितीनं येऊन तो बघायचा, नाक बसकं आहे, कान मोठे झाले, काय ते सांगायचं, आणि मग पसंतीची सही द्यायची. सही झाली की साचा काढतात, आणि एकदा साचा काढला की ब्रह्मदेवालाही नाक बदलता येत नाही.

त्याला आम्ही आबांचा एकुलता एक फोटो दिला होता, भरतीच्या वेळचा. वीस वर्षांचा पोरगा, छाती पुढं, नजर समोर. पसंतीच्या दिवशी समिती जीपमधून साताऱ्याला गेली, मी सांगलीहून परस्पर पोचले. आईला आणलं नाही. तिचे गुडघे दुखतात, असं मी सगळ्यांना सांगितलं.

गोणपाट काढलं आणि मी बघतच राहिले. आबा ताठ उभे होते. खांदे सरळ, हनुवटी वर, हात मागं बांधलेले. माझ्या मैत्रिणीनं वसतिगृहाच्या दारात "कोण गं?" विचारलं असतं तर मी धावत जाऊन "माझे वडील!" म्हणाले असते, असे. समितीवाले वा वा करत होते. मला रडू आलं. मूर्तिकारानं कागद पुढं केला, मी सही केली.

संध्याकाळी गावी गेले आणि मोबाइलवरचा फोटो आईला दाखवला. ब्याऐंशी वर्षांची माझी आई. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं.

"आई, असं काय करतेस? आबा आहेत."

"हे? न्हाई बाई. ह्येंच्याशी माजं लगीन न्हाई झालं." फोन माझ्या हातात परत देऊन ती म्हणाली, "चांगला हाय दिसाया. पर ह्येनं कुनाला आनलं असंल आसं वाटत न्हाई."

मी वाद घातला. म्हटलं, पुतळा असाच असतो, लोकांना प्रेरणा मिळते. शाळेतला आवाज लावला. ती ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "तुला त्येंच्या पाठीची लाज वाटायची. मला ठावं हाय. त्येंनाबी ठावं व्हतं." एवढंच. पुढं ती भाजी निवडायला लागली. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. जे आबांच्या हयातीत एकदा केलं तेच मी आता ब्राँझमध्ये, चौकात, कायमचं करून ठेवणार होते.

सोमवारी साचा काढणार होते. मी मूर्तिकाराला फोन करून थांबायला सांगितलं. "समितीचं पत्र आणा, मग थांबतो," तो म्हणाला, "नाहीतर सोमवारी काढणार." रविवारी देवळाच्या मंडपात समितीची बैठक लावली. आईला खुर्चीवर बसवून नेलं. तिचं म्हणणं मी मांडलं. आबा वाकलेले हवेत, पाठीवर माणूस हवं, छातीवर चादरीची गाठ हवी. माणूस म्हणजे तीच, शेरडवाली म्हातारी.

गलका झाला. "वाकल्याला फौजी? लोक म्हनतील माघारी पळतुया!" एक जण म्हणाला. "दहा फुटी कसा व्हनार मग?" हा दुसऱ्याचा सवाल. तिसऱ्यानं तोडगा काढला, की पाठीवर म्हातारीऐवजी एक गोंडस लेकरू दाखवू. "म्हातारी त्या बाजूची हाय. उद्या कुनी इचारलं तर? लेकराला कुनी काय म्हनत न्हाई."

"म्हातारी कुठल्याच बाजूची नव्हती," आई म्हणाली. "ती शेरडाच्या बाजूची व्हती."

मंडप हसला. सुभेदार काका मात्र हसले नाहीत. "वैनी, तुमचं बरोबर आसंल," ते म्हणाले, "पर फौजी मानूस ताठच पायजे. त्यात इज्जत हाय."

आई त्यांच्याकडे वळली. "भावजी, तुमच्या आईचा पाय मोडला तवा वड्याला पूर व्हता. तिला पलीकडं कुनी न्हेली?"

सुभेदार काकांनी मिशीवरचा हात काढला.

"तवा ह्ये सुट्टीवर आल्यालं. नवं लगीन झाल्यालं आमचं. पाठ चांगली व्हती त्येंची. तुमची आई पाठीवर, आन् तुमी मागनं छत्री धरून चालल्याला. तवा न्हाई म्हनला, की जरा ताठ चाला, इज्जत जाती म्हनून."

काका स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, "वाकल्यालाच करा." आणि थोड्या वेळानं, "म्हातारीच घ्या." पत्रावर पहिली सही त्यांनी केली, दुसरी मी. साताऱ्याच्या कागदावरची माझी आधीची सही रद्द समजावी, असंही मी त्यात लिहिलं.

मूर्तिकारानं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, मी आजवर घोड्यावरचे केले, सिंहासनावरचे केले. वाकलेला माणूस करा म्हणून कुणी सांगितलं नाही मला." पण त्या ताठ पुतळ्याची माती त्यानं सळ्यांच्या सांगाड्यावरून स्वतःच उतरवली, सांगाडा नव्यानं वाकवून घेतला, आणि दीड महिन्यानं आम्हाला बोलावलं. या खेपेला आई बरोबर होती.

आबा होते. आता खरेच आबा होते. एक पाय पाण्यात रोवलेला, हातात काठी, मान वर करून पलीकडचा काठ बघणारे. आई त्यांच्याभोवती काठी टेकत एक फेरी मारून आली आणि गाठीपाशी थांबली. "ही गाठ सुटंल," तिनं निकाल दिला. मूर्तिकारानं कशी ते विचारताच तिनं तिथलीच एक चादर घेतली आणि त्याच्याच छातीवर मारून दाखवली. तो बिचारा श्वास रोखून उभा. मग तशीच गाठ त्यानं मातीत केली.

पाठीवरची म्हातारी अजून अर्धीच होती. डोकं होतं, धड होतं, हात नव्हते. "हात समोर बघितल्याशिवाय मी करत नाही," तो म्हणाला. "गळ्यात टाकलेले म्हातारीचे हात पाहिजेत." त्यानं आईकडे बघितलं, पण ज्या उंच स्टुलावर बसायचं होतं त्यावर चढणं आईच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. मग तो माझ्याकडे बघायला लागला.

"म्हातारीचे हात?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"साठी झाली की चालतात, बाई."

मातीची म्हातारी तात्पुरती काढून बाजूला ठेवली. आबांच्या मागं स्टूल लावलं. मी चढले. माझ्यासमोर आबांची पाठ होती, ओली, राखाडी, मणक्यांची ओळ दिसणारी. मी दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले.

"सैल नको," मूर्तिकार समोरून म्हणाला. "पाण्यातून चाललाय तो. पडाल अशी भीती वाटली पाहिजे. घट्ट धरा."

मी घट्ट धरलं. माझी बोटं त्या गाठीवर एकमेकांत अडकली. ओट्यावरची खाकी मला आठवली, औंधची पायरी आठवली, फेकलेलं खोबरं आठवलं. ते हात मागं करून माझा पाय चाचपत थांबायचे, तेही आठवलं. माझा गाल कधी त्यांच्या खांद्यावर टेकला ते मला कळलंच नाही.

"बाई, रेलू नका, माती ओली आहे!" मूर्तिकार ओरडला.

मी दचकून सरळ झाले आणि लहानपणच्या सवयीनं आधी आईकडे बघितलं. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होती. आता ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. मी हात सोडवायला लागले.

"आवं, बसू द्या तिला जरा," आई त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "बस गं. आता न्हाई दुखत त्येंची पाठ."